‘पुढील स्टेशन’: एका निवासी केंद्रातलं प्रकरण

नाव, वय आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला बहिणीची परवानगी आहे. सुधीरला विचारलं तेव्हा त्याने माझ्या हातातली वही घेतली, पानं उलटून पाहिली आणि परत दिली. याला होकार म्हणायचं धाडस मी करत नाही.

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या दुमजली घरात आमचं केंद्र चालतं. बौद्धिक अक्षमता असलेले चौदा पुरुष इथे राहतात. काहींना सोबत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, काहींना फिट येतात. दिवसा तीन केअरटेकर, स्वयंपाकाच्या मावशी, आणि रात्री एकटे मामा. मी समन्वयक, शिक्षणाने विशेष शिक्षिका. राहणाऱ्यांत सगळ्यात धाकटा बावीसचा आहे आणि सगळ्यात मोठे एकसष्टचे. तरी सगळे त्यांना ‘मुलं’च म्हणतात. पालक म्हणतात, केअरटेकर म्हणतात, बोलण्याच्या ओघात मीही म्हणते.

सुधीर ४१ वर्षांचा. मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता. परळच्या चाळीत आईबरोबर वाढला. वडील लवकर गेले, बहीण लग्न होऊन डोंबिवलीला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आई गेली. बहिणीकडे दोन खोल्या, सासू अंथरुणाला खिळलेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुधीर आमच्याकडे आला. पालकांच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकू येतंच, ‘आमच्यामागे याचं काय?’ सुधीरच्या बाबतीत ते ‘मागे’ आधीच येऊन गेलं होतं.

बोलणं मोजकं. ‘चहा’, ‘नको’, ‘ताई’. ‘दुखतंय’ नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहिते आहे, कारण हा शब्द त्याच्याकडे नाही हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. याशिवाय तो लोकलमधल्या घोषणा म्हणायचा, अगदी त्या बाईच्या आवाजातल्या चढउतारांसकट. ‘पुढील स्टेशन…’ आम्हाला गंमत वाटायची. पाहुणे आले की केअरटेकर त्याला म्हणून दाखवायला सांगायचे.

पहिले पंधरा-सोळा महिने बरे गेले. महिन्यातून एखाद्या वेळी हात चावून घ्यायचा किंवा कोणाला ढकलायचा. जुन्या डॉक्टरांनी दिलेली रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधाची २ मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. ती का सुरू झाली होती, हे आईबरोबर गेलं.

अडचण

२०२४ च्या जूनमध्ये धरणांनी तळ गाठला आणि ५ तारखेपासून मुंबईत १० टक्के पाणीकपात लागू झाली. आमच्याकडे सकाळच्या पाण्याला जोर उरला नाही, आठ वाजता टाकी खडखडीत. संध्याकाळी पाणी बरं यायचं. म्हणून चौदापैकी आठ जणांच्या आंघोळी संध्याकाळी सहानंतर लावल्या. त्या आठांत सुधीर होता. त्यालाच का? तो हट्ट करत नाही, सांगितलं की ऐकतो, म्हणून.

तिसऱ्या आठवड्यापासून तो हात चावायला लागला. मनगटाच्या वरची कातडी निघाली. मग केअरटेकरला मारणं, दारावर डोकं आपटणं. जूनच्या अखेरीला त्याने स्टीलचं ताट भिरकावलं, ते शेजारी बसलेल्या एका गृहस्थांच्या भुवईवर लागलं आणि तीन टाके पडले.

त्या दिवसाची आमच्या वहीतली नोंद अशी: ‘सुधीरने विनाकारण ताट फेकलं. मूड खराब. हट्टीपणा वाढला आहे.’

पहिला निर्णय, आणि तो कसा घेतला

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि एक केअरटेकर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. ओपीडीत गर्दी, आमच्या वाट्याला सहा-सात मिनिटं. मी म्हटलं, “खूप अ‍ॅग्रेसिव्ह झालाय, विनाकारण मारतो, आता दुसऱ्यांना लागायला लागलंय.” डॉक्टरांनी रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम केलं आणि त्या औषधाच्या दुष्परिणामांवर उतारा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल ही दुसरी गोळी जोडली.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. त्यांनी आम्ही सांगितलेल्या गोष्टीवर औषध दिलं, आणि आम्ही गोष्ट सांगितलीच नव्हती, शेरा सांगितला होता. किती वाजता होतं, कुठे होतं, आधी काय चाललेलं असतं, हे त्यांनी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

औषधांविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली होती. बौद्धिक अक्षमता आणि आक्रमक वागणं असलेल्या ८६ प्रौढांचे तीन गट केले होते. एकाला रिस्पेरिडोन, एकाला त्याच प्रकारचं जुनं औषध हॅलोपेरिडॉल, एकाला औषध नसलेली नुसती गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि सर्वांत जास्त कमी झाली ती नुसत्या गोळीच्या गटात. याचा अर्थ गोळ्या फेकून द्या असा नाही. अशी औषधं अचानक बंद करणं धोक्याचंच असतं आणि काहींना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ब्रिटनमध्ये २०१५ साली आलेली मार्गदर्शक सूचना सांगते की असं औषध सुरू केलं तर तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्यावा आणि सहा आठवड्यांत फरक नसेल तर थांबवावं. आम्ही डॉक्टरांना पुन्हा भेटायची तारीखसुद्धा घेतली नव्हती.

डोस वाढल्यावर आठवडाभर तो गुंगीत होता. आम्हाला वाटलं, लागू पडलं. मग उलटच झालं. तो एका जागी बसेना, येरझाऱ्या घालायचा, जेवण अर्धं टाकायचा. आठवड्याला दहा-अकरा घटना व्हायला लागल्या.

ती रात्र

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मामांनी त्याला कपड्यांच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनीच सांगितलं, लपवलं नाही. “मॅडम, बाकीची तेरा मुलं जागी झाली होती. एकाला फिट आली. मी कोणाला धरू?”

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम ६ क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं, कलम ७ छळ आणि हिंसेपासून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एकट्याला कोंडण्याला बंदीच आहे. हा दुसरा कायदा मानसिक आजारासाठीच्या संस्थांचा, बौद्धिक अक्षमता त्याच्या व्याख्येबाहेर. पण मोजायला पट्टी म्हणून तो आम्ही मानतो. दोन्ही पट्ट्यांवर त्या रात्री आम्ही नापास होतो.

मामांना काढायचं का? विश्वस्तांपैकी दोघांचं मत होतं, लगेच काढा. मी विरोध केला. चौदा माणसांमागे रात्रभर एकच माणूस ठेवायचा निर्णय मामांचा नव्हता, आमचा होता. त्यांना लेखी ताकीद दिली, त्या खोलीची बाहेरची कडी सुताराकडून काढून घेतली आणि दिवसाच्या एका केअरटेकरची ड्युटी दुपारी बारा ते रात्री बारा केली. जादा खर्च आला नाही, सकाळी मात्र ओढाताण वाढली.

बहिणीला हे मी चार दिवसांनी सांगितलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ‘आधी आपण नीट शहानिशा करू’ असं मी स्वतःला समजावत होते, ती भीती होती. ताई फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईने त्याला कधी कोंडलं नाही हो. अंगणवाडीच्या बाई कोंडा म्हणायच्या, तरी नाही.”

आमच्यापुढचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी पालकांची मीटिंग झाली. टाके पडलेल्या गृहस्थांचे मोठे भाऊ आले होते, आवाज चढवला नाही, पण सरळ म्हणाले, “आमच्या माणसाची सुरक्षितता तुम्ही लिहून द्या, नाहीतर मी त्याला घेऊन जातो.” त्यांचं चूक नव्हतं.

चार वाटा दिसत होत्या. सुधीरला दुसऱ्या संस्थेत पाठवायचं. पण अशा माणसाला घ्यायला कोण तयार होतं? दोन ठिकाणी फोन केले, ‘वायलंट आहे का?’ हा पहिला प्रश्न आणि तिथेच बोलणं संपलं. दुसरी वाट, डोस आणखी वाढवायचा. तिसरी, फक्त त्याच्यासाठी एक माणूस ठेवायचा. एजन्सीचा दर बारा तासांना ९०० रुपये, म्हणजे महिन्याला २७ हजार, ते ताईला झेपणारे नव्हते आणि आम्हालाही. शिवाय माणूस नुसता शेजारी उभा करून काय होणार, तो फक्त मार खाणारा ठरला असता. चौथी वाट, थांबून नीट बघायचं.

चौथी निवडली ती काही फार समजूतदारपणाने नव्हे. पहिल्या तीन बंद होत्या. तीस दिवसांची मुदत मागितली. जेवताना सुधीरची जागा भिंतीकडे केली, त्याला मेलामाइनचं ताट दिलं, आणि त्या भावांना दर रविवारी मी स्वतः फोन करायचं ठरलं. ते दर रविवारी फोनची वाट बघायचे, हे मला नंतर कळलं.

वही बदलली

एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: ‘आधी काय चाललं होतं’, ‘काय केलं’, ‘मग आपण काय केलं’. वर तारीख आणि घड्याळातली वेळ. पाच शब्दांवर बंदी घातली: विनाकारण, हट्ट, मूड, मुद्दाम, अ‍ॅग्रेसिव्ह.

पहिले चार दिवस सगळे वैतागले. ‘विनाकारण’ हा शब्द काढून घेतला की लिहायला काहीच उरत नाही, असं एक केअरटेकर म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. मग हळूहळू नोंदी अशा यायला लागल्या: ‘६.४०. आंघोळीच्या लायनीत तिसरा. बाकावर बसला होता. मोटर चालू. उठला, मी खाली बसवलं. हात चावला. मग लायनीतून बाहेर काढलं, चहा-बिस्कीट दिलं.’

३ ते १८ ऑगस्टपर्यंत २४ नोंदी झाल्या. त्यातल्या १७ संध्याकाळी सहा ते साडेसातमधल्या. हे आकडे भिंतीवर लावले तेव्हा स्वयंपाकाच्या मावशी पोळपाट घेऊन जाता जाता म्हणाल्या, “म्हणजे पोराला आंघोळ नकोय.” आम्ही दोन महिने डोकं खाजवत होतो.

तिसरा रकानाही बोलका होता. मारलं किंवा चावलं की सुधीरला लायनीतून बाहेर काढलं जायचं, आंघोळ रद्द व्हायची, वर चहा मिळायचा. तोंडाने ‘नको’ म्हटलं की मात्र ‘चल चल, दोन मिनिटं’ म्हणून खाली बसवायचे. कुठली भाषा चालते आणि कुठली चालत नाही हे आम्हीच त्याला रोज शिकवत होतो.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट. पाणीकपात २९ जुलैला उठली होती. सकाळचं पाणी परत आलं, आंघोळीची वेळ मात्र परत आली नाही. संध्याकाळी आंघोळी उरकल्या की सकाळ मोकळी मिळते, केअरटेकरना ते बरं पडत होतं. कोणी ठरवलं नाही, कोणी बदललंही नाही.

पोट

संध्याकाळच्या बाहेरच्या सात नोंदी कशातच बसत नव्हत्या. पहाटेच्या, जेवणानंतरच्या. केंद्रात महिन्यातून दोनदा येणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी एकच विचारलं, “संडासला कधी झाली?”

कोणालाच माहीत नव्हतं. सुधीर संडासला स्वतः जातो, दार लावतो. ज्यांना मदत लागते त्यांचं आम्हाला सगळं माहीत असतं, स्वावलंबी माणसाचं काहीच नाही. डॉक्टरांनी पोट दाबलं तशी त्याने त्यांचा हात झटकला. एक्स-रेत आतडं मळाने गच्च भरलेलं दिसलं.

ट्रायहेक्सिफेनिडिलने बद्धकोष्ठता होते. संध्याकाळच्या आंघोळीच्या ओढाताणीत त्याचं पाणी पिणंही कमी झालं होतं. म्हणजे आंघोळीवरून चिडला म्हणून गोळी वाढली, गोळीने पोट बंद झालं, पोट दुखलं म्हणून चावला, चावला म्हणून आम्ही आणखी गोळी मागायच्या बेतात होतो. आणि त्याच्या येरझाऱ्या? रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी आतून अशी तगमग होऊ शकते की माणूस एका जागी बसूच शकत नाही. बाहेरून ती वर्तनसमस्येसारखीच दिसते.

लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध सुरू केलं, पाण्याची बाटली भरून त्याच्या हाती दिली, सकाळी पपई. संडासाच्या दारामागे ब्रिस्टल तक्ता लावला. मळाचे सात प्रकार चित्रांनी दाखवणारा हा तक्ता डॉक्टर मंडळी वापरतात. तो बघून सुरुवातीला हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. पण आता चौदाही जणांची नोंद होते आणि “आज चार नंबर” ही आमच्याकडे आनंदाची बातमी असते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे परत गेलो तेव्हा वही आणि एक्स-रे सोबत होता. या वेळी त्यांनी वीस मिनिटं दिली. ताईला फोनवर घेऊन ठरलं की ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू बंद करायचं आणि रिस्पेरिडोन काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने २ वर आणायचं.

राखीपौर्णिमा

१९ ऑगस्टला ताई राखी बांधायला आली. हॉलमध्ये बाकावर दोघं बसले होते. ओवाळून झालं, पेढा खाऊन झाला, ताई माझ्याशी कागदपत्रांविषयी बोलत होती. सुधीर पुटपुटला, “पुढील स्टेशन.” आणि ताई बोलता बोलता उठून उभी राहिली, त्याचा हात धरला आणि दाराकडे निघाली. चार पावलं गेल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि ती हसायला लागली.

मग तिने सांगितलं. आई त्याला कितीतरी वर्षं सांताक्रूझच्या बाजूच्या एका कार्यशाळेत न्यायची, कागदी पिशव्या करायला. अपंगांच्या डब्यातून जायचं-यायचं. परत येताना दादर सुटलं की घोषणा व्हायची, आई म्हणायची, “ऊठ, पुढील स्टेशन.” दोघं उठून दारापाशी उभे राहायचे. पुढे आईचे गुडघे गेले आणि २०१६ च्या सुमाराला कार्यशाळा सुटली. पण घरात कुठूनही उठायचं असलं की तो तेच म्हणायचा. पाहुण्यांत, लग्नात, दवाखान्यात. आई उठायची.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” ताईने विचारलं. दाखल करताना आम्ही अकरा पानी फॉर्म भरून घेतला होता. त्यात ‘वाचा: मर्यादित, अर्थहीन पुनरुच्चार’ असं माझ्याच अक्षरात होतं.

दुसऱ्या दिवसापासून वहीत चौथा रकाना आला: ‘त्याआधी काही म्हणाला का?’ पुढच्या नऊ नोंदींपैकी सातांमध्ये घटनेच्या दोन-तीन मिनिटं आधी ‘पुढील स्टेशन’ होतं.

काय केलं

२२ ऑगस्टपासून त्याची आंघोळ परत सकाळी सहाला. पुन्हा पाणी कमी पडलं तर वेळ हलू नये म्हणून न्हाणीघरात झाकणाचं पिंप ठेवलं. शॉवर नको, बादली आणि तांब्या, आईकडे होतं तसं.

आणि नियम: ‘पुढील स्टेशन’ ऐकलं की जवळ असेल त्याने लगेच ‘चला, उतरू’ म्हणायचं आणि त्याच्याबरोबर उठून व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत जायचं. कुठलंही काम चालू असो. विचारायचं नाही, समजावायचं नाही.

याला सगळ्यांत मोठा विरोध केअरटेकरचा झाला, आणि आठवडाभरात त्यांचं खरं होतंय असं दिसायला लागलं. आपण म्हटलं की लोक उठतात हे कळल्यावर सुधीर दिवसाला पन्नास-साठ वेळा ‘पुढील स्टेशन’ म्हणायला लागला. जेवणाच्या मध्ये, गोळीच्या वेळी, कपड्यांच्या घड्या घालायची त्याची पाळी आली की हमखास. “मॅडम, लाडावलंय,” एक केअरटेकर म्हणाला. थांबवायचं का, हा या प्रकरणातला मला सर्वांत कठीण गेलेला निर्णय. मी एवढंच म्हटलं, दीड वर्ष कोणी ऐकलं नव्हतं, तो खात्री करून घेतोय, अजून दोन आठवडे देऊ. मनातून मला खात्री नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात आकडा तिशीवर आला, नंतर पंधरा-वीसवर. तेव्हा कुठे वाट बघायला शिकवणं सुरू केलं. ही युक्ती दुपारच्या केअरटेकरची, पुस्तकातली नाही: “अजून एक स्टेशन आहे.” असं म्हणून आधी अर्धा मिनिट, मग एक, मग तीन. मग न चुकता उठायचं. त्याला हे पटकन समजलं. मुंबईकराला एक स्टेशन म्हणजे किती वेळ हे काय शिकवायचं?

‘दुखतंय’साठी पोट, डोकं, दात यांची चित्रं त्याच्या खोलीत लावली. ती तो अजून वापरत नाही.

काय झालं

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घटना चारवर आल्या, ऑक्टोबरमध्ये आठवड्याला एक-दोन. मनगटाची कातडी भरून आली, व्रण राहिलाय. येरझाऱ्या जवळजवळ थांबल्या.

मध्ये एकदा सगळं फिस्कटलं. १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला आमच्या गल्लीतून ढोल-ताशे आणि डीजे रात्री उशिरापर्यंत जात होते. त्याला मागच्या खोलीत नेलं, कानावर हेडफोन दिले, ते त्याने फेकले. तो सतत ‘पुढील स्टेशन’ म्हणत होता आणि उतरायला जागाच नव्हती, चारी बाजूंनी आवाज. त्याने एका केअरटेकरच्या दंडाला कडकडून चावा घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन, पंधरा दिवस सुट्टी. तो परत आलाच नाही, त्याने दुसरीकडे नोकरी धरली. मी त्याला दोष देत नाही. येत्या वर्षी त्या एका रात्रीपुरतं सुधीरने डोंबिवलीला जायचं असं ताईशी ठरलं आहे, तिथेही ढोल असतातच, पण तिचं घर आतल्या बाजूला आहे.

भुवईवर टाके पडलेले गृहस्थ आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या एका पालकांनी मात्र आपल्या मुलाला सप्टेंबरमध्येच नेलं.

वेगळं काय करता आलं असतं

वेळापत्रक बदललं तेव्हा, ५ जूनच्या त्या आठवड्यातच, कोणाचं काय बदलतंय हे लिहून ठेवायला हवं होतं. स्वमग्नता असलेल्या माणसाची आंघोळ बारा तासांनी हलवली आणि एकाही माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ऐकतो म्हणून त्याला निवडलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडे जायला हवं होतं. दात, कान, पोट, लघवी, झोप. जो सांगू शकत नाही त्याचं आधी शरीर तपासायचं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

ताईला जूनमध्येच बोलवायला हवं होतं. तिच्याकडे उत्तर होतं हे तिलाही माहीत नव्हतं, कारण तिच्यासाठी ती माहिती नव्हतीच, सवय होती. म्हणून आता दाखल करताना फॉर्म भरून झाल्यावर आम्ही घरच्यांना तासभर आमच्या हॉलमध्ये त्यांच्या माणसाबरोबर नुसतं बसायला सांगतो आणि कोपऱ्यात बसून बघतो. काही पालकांना हे विचित्र वाटतं.

कायदेशीर पालकत्वाचं कामही मागे राहिलं होतं. आईच्या पश्चात राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे ताईचा अर्ज जायला हवा होता. तो आम्ही सप्टेंबरमध्ये करवून घेतला. जुलैमध्ये डोस वाढवला तेव्हा तिला नुसतं कळवलं होतं, विचारलं नव्हतं.

अजून न सुटलेलं

रात्री झोपताना तो कधीकधी पूर्ण वाक्य म्हणतो, “पुढील स्टेशन एल्फिन्स्टन रोड.” ते व्हरांड्यात नेऊन भागत नाही. ते घराचं स्टेशन.

त्याला न्यायचं का यावर आमच्यात महिनाभर वाद झाला. चाळ पुनर्विकासात गेली आहे, खोली उरलेली नाही. ताई म्हणाली, “बघून तो बिथरला तर?” शेवटी ठरलं की चाळीपर्यंत नाही, फक्त ट्रेनने जाऊ. डिसेंबरमध्ये एका दुपारी, गर्दी नसताना, ताई, मी आणि सुधीर स्लो लोकलने निघालो. तो खिडकीशी बसला होता, शांत. दादर सुटलं. घोषणा झाली, “पुढील स्टेशन प्रभादेवी.” स्टेशनचं नाव २०१८ मध्येच बदललंय, हे आमच्या तिघींच्या चर्चेत, मी, ताई आणि मावशी, एकदाही आलं नव्हतं. ताई उठली. तो उठला नाही. तिने हात धरला, त्याने सोडवून घेतला. प्लॅटफॉर्म आला, गेला.

लोअर परळ सुटल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पुढील स्टेशन.” आम्ही महालक्ष्मीला उतरलो, वडापाव खाल्ला, परतीची गाडी पकडली.

त्या रात्रीची मामांची नोंद वहीत आहे: ‘१०.४०. एल्फिन्स्टन रोड म्हणाला, तीनदा. शेजारी बसलो. पाणी दिलं. ११.१५ ला झोपला.’